दिवा गेला की छत फोडायचं?

गेल्या आठवड्यात हॉलच्या छतात बसवलेला अजून एक एलईडी लाइट गेला. घरातल्या चौदापैकी पाचवा! आणि घराचं काम होऊन अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. संताप संताप झालाय नुसता.

फॉल्स सीलिंग करताना काँट्रॅक्टरने लाइटच्या खोक्यावर बोट ठेवून आकडा दाखवला होता, ५०,००० तास. रोज सहा तास लावले तरी बावीस वर्षं बघायला नको, म्हणे. पण हे गणित एलईडीच्या चिपचं, म्हणजे उजेड देणाऱ्या भागाचं आहे, आणि चिप सहसा जातच नाही. जातो तो ड्रायव्हर, घरातली वीज चिपला चालेल अशी करून देणारी, वर पीओपीच्या आत दडवलेली ती छोटी डबी. मी गेलेला लाइट उतरवून ती डबी उघडून बघितली. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, डोक्याकडून फुगलेला आणि त्याच्याखालची पट्टी तपकिरी पडलेली. त्या कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि आपण तो ठेवतो कुठे? स्लॅब आणि पीओपीच्या मधल्या बंद पोकळीत, जिथे वाऱ्याला फट नाही. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे वर मे महिन्यातली तापलेली गच्ची. कंपनीवाल्यांनो, खोक्यावर ड्रायव्हरचे तास का छापत नाही तुम्ही?

बरं, नुसता ड्रायव्हर मागायला गेले. त्यावर आउटपुटचे व्होल्ट आणि मिलिअँपिअर छापलेले असतात, ते जुळणारा दुसरा लावला की झालं, चिप चांगलीच आहे. दुकानदार म्हणाला, "ड्रायव्हर सुटा येत नाही मॅडम, अख्खा पॅनल घ्या." वॉरंटी? "खोकं आणलंय का?" तीन-तीन वर्षं चौदा खोकी कोण माळ्यावर जपून ठेवतं?

घेतला अख्खा पॅनल. वायरमन आला, घोडा लावून वर चढला आणि तिथूनच ओरडला, "ताई, हा बसत नाही." जुनं मॉडेल बंद झालंय आणि नव्याची गोलाई अर्ध्या इंचाने लहान. क्लिपा धरायला कडच नाही. मोठा आकार घ्यायचा तर भोक वाढवायचं, म्हणजे सोफ्यावर, पुस्तकांवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरी भुकटी, आणि वर रंगारी वेगळा. एकाच कामाच्या वस्तूची भोकं प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवायची आणि छत मात्र आम्ही कापत बसायचं! बल्बचा होल्डर कुठल्याही गावात, कुठल्याही कंपनीच्या बल्बला चालतो. मग याला का नाही?

शेवटी एक कसाबसा बसणारा मिळाला, तर तो ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा. बाकीचे ३,०००चे पिवळसर. दुकानात ३,०००चा या आकारात नव्हताच. आता हॉलमध्ये बसलं की एका कोपऱ्यात दवाखाना.

सगळ्यात राग आईच्या खोलीचा येतो. तिथला लाइट एकदम गेला नाही, महिनाभर फडफडत होता. आई रात्रीच्या गोळ्या त्याच उजेडात काढते. एकदा तिने रक्तदाबाची गोळी म्हणून दुसऱ्याच पट्टीतली हातात घेतली होती, मी समोर होते म्हणून कळलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. २०१५ साली उजाला योजनेत स्वस्तातले एलईडी बल्ब मिळाले तेव्हा जुन्या घरात तिने स्वतः रांगेत उभं राहून आणले, स्वतः होल्डरमध्ये फिरवून लावले. त्याच बाईला आज स्वतःच्या खोलीत उजेड हवा असेल तर वायरमनला फोन करून त्याची चार-चार दिवस वाट बघावी लागते. कशासाठी? छत सपाट दिसावं म्हणून?

दुकानदाराचा शेवटचा सल्ला ऐका. "मॅडम, चौदाच्या चौदा बदलून टाका, सगळे एकसारखे दिसतील." नऊ चालू लाइट कचऱ्यात टाकायचे! मी तशीच उठून आले.

आज सकाळी आईच्या खोलीत भिंतीवर, तिच्या हाताला येईल अशा उंचीवर, साधा होल्डर बसवून घेतला. ९ वॅटचा बल्ब आईनेच लावला. वरच्या भोकातून दोन वायरी लोंबतायत, त्यांना टेप गुंडाळून ठेवलीय. राहू देत तशाच.