पगार घेऊनच केलं त्यांनी, तेच तर सांगायचंय! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा (तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून दादा म्हणतेय, चालेल ना?), तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर द्यायचं टाळलं, कारण पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला आणि दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातलं निम्मं पटलं. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती खन्ना, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आणि नव्वदच्या दशकातले मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्यावर मी जो लेख लिहिला त्यावर दादांचं म्हणणं असं, की या लोकांनी सरकारी पगार घेऊन नेमून दिलेलं काम केलं, त्यात एवढं देवपण कसलं, तीच तीन-चार नावं किती वर्षं उगाळणार, रिटायर झाल्यावर कोण कुठे जाऊन बसलं ते सोयीस्कर गाळलंत, आणि खरी निवडणूक गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक घेतात त्यांचं तर नावच नाही. आणि शेवटी एक ओळ, माझे वडील तलाठी होते.

त्या शेवटच्या ओळीसाठी हे एवढं मोठं उत्तर लिहितेय.

आधी पगाराचं. दादा, पगार घेऊन केलं हे शंभर टक्के खरं, पण मला त्यातच तर सगळं दिसतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टात पाच जण बसले होते, पाचही जणांना पगार होता, पाचही जण तीच घटना वाचून आलेले. प्रश्न असा होता की आणीबाणीत विनाचौकशी आत टाकलेल्या माणसाला कोर्टाचं दार वाजवता येतं का नाही. देशातल्या नऊ हायकोर्टांनी, त्यात आपल्या मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही आलं, येतं असं सांगितलेलं. तरी सुप्रीम कोर्टात चौघांनी नाही म्हटलं आणि एकट्या खन्नांनी हो. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठतेने सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायला हवं होतं ते त्यांच्यापेक्षा ज्युनिअर असलेल्या बेगांना दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. हे असं होऊ शकतं हे त्यांना निकाल लिहितानाच माहीत होतं हो, कारण तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९७३ मध्ये, शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलेलं अख्ख्या देशाने पाहिलं होतं. १९७६ मध्ये नाही म्हणणाऱ्या चौघांमध्ये आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, ते पुढे १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून जास्त सरन्यायाधीश राहिले, इतकी वर्षं त्या खुर्चीत कुणीच बसलेलं नाही, आणि त्यांनी नंतर चांगले निकालही दिले, ते मी नाकारत नाही. पण १९७६ चा तो निकाल चूक होता हे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाला लिहून ठेवावं लागलं आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता. पगार तोच, बेंच तोच, दिवसही तोच! मग पगार घेतला हा मुद्दा पुरतो का, तुम्हीच सांगा.

दुसरं उदाहरण तर न्यायाधीश आणि निवडणूक दोन्हीला धरून आहे आणि मूळ लेखात ते नव्हतं याची मला खंत आहे. अलाहाबाद हायकोर्टाचे जगमोहनलाल सिन्हा. १२ जून १९७५ ला त्यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. कारणं काय होती बघा, पंतप्रधानांसाठी काम करणाऱ्या यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा लागू होण्याआधीच त्यांच्याकडून प्रचाराचं काम करून घेतलं, आणि उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांकडून सभेचे मंच वगैरे उभे करून घेतले. लोक आजही म्हणतात एवढ्याशा कारणावर पंतप्रधान घालवला, पण मला वाटतं कारण एवढंसं नव्हतंच. सरकारी नोकर हा कुठल्याच उमेदवाराचा माणूस नाही, एवढीच ती रेघ होती, आणि तीच रेघ पुसली तर मग मतदान केंद्रावर बसलेला गुरुजी कुणाचा माणूस म्हणायचा? सिन्हा पुढे सुप्रीम कोर्टात कधी गेले नाहीत, हायकोर्टातूनच निवृत्त झाले.

आता निवृत्तीनंतरचं. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी कमी पडले. शेषन सहा वर्षं, १९९० ते १९९६, मुख्य निवडणूक आयुक्त होते, आचारसंहिता हा शब्द त्यांच्यामुळे गावच्या कट्ट्यावर पोचला, आणि त्याच शेषननी १९९७ मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि १९९९ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरात अडवाणींच्या विरोधात उभे राहिले. दोन्हीकडे हरले. हे मी लिहायला हवं होतं. त्यांच्यानंतरचे आयुक्त एम. एस. गिल पुढे काँग्रेसकडून राज्यसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले. न्यायाधीशांचंही तसंच, बहारुल इस्लाम १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा राजीनामा देऊन काँग्रेसच्या राजकारणात परतले, रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नेमले गेले, २०२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांत भाजपमध्ये प्रवेश करून लोकसभा लढवली. कुठल्या एका पक्षाचा हा रोग नाही.

आणि आपल्या मुंबईचं उदाहरण तर मला सगळ्यात जड जातं. छागला, स्वतंत्र भारतात मुंबई हायकोर्टाचे अकरा वर्षं मुख्य न्यायाधीश. मुंदडा प्रकरणाची (एलआयसीचे पैसे मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातल्याची) चौकशी त्यांनी १९५८ मध्ये लोकांसमोर, उघड्यावर चालवली, अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, अशी चौकशी आजही कुणी करून दाखवावी. त्याच वर्षी देशाचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने अहवालात लिहिलं की सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये, आणि त्याच वर्षी छागला अमेरिकेत राजदूत म्हणून गेले, नंतर केंद्रात मंत्री. सेटलवाडांना ते अजिबात आवडलं नाही. मला छागलांबद्दल अतोनात आदर आहे आणि तरी या बाबतीत मी सेटलवाडांच्या बाजूने आहे. छागलांनी काही वाईट केलं म्हणून नाही हं. एकाने पद घेतलं की उरलेल्या सगळ्यांच्या निकालांकडे लोक संशयाने बघायला लागतात म्हणून. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असतानाच जाहीर बोलले की निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही, ते ऐकून मला खरंच बरं वाटलं होतं.

पण दादा, हे सगळं प्रत्येकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायचं का? आपल्या घटनेत एक गोष्ट आहे जी मला हा लेख लिहिल्यावर जास्त टोचायला लागली. महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही, घटनेतच लिहिलंय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षालाही नाही. निवडणूक आयुक्ताला मात्र अशी कुठलीच बंदी नाही! मुख्य आयुक्ताला काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखी संसदेतून प्रक्रिया करावी लागते, इतर आयुक्तांना मात्र मुख्य आयुक्ताच्या शिफारशीवर काढता येतं. आणि नेमणूक? जून १९४९ मध्ये घटना समितीत हे कलम आलं तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी मान्य केलेलं की मूर्ख किंवा लबाड किंवा सरकारच्या अंगठ्याखाली राहील असा माणूस तिथे बसवला जाऊ नये यासाठी घटनेत काही तरतूद नाही. स्वतः मसुदा मांडणारा माणूस हे उभं राहून सांगतो, किती प्रामाणिक! मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी निवड समिती सांगितली, डिसेंबरमध्ये कायदा आला त्यात सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री. म्हणजे तिघांत दोघं सरकारचे. माझं मत विचाराल तर हे चूक आहे, कुणाचंही सरकार असो.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, गुरुजी आणि तलाठी. ही चूक माझीच आणि माझ्याकडून तर ती व्हायलाच नको होती, कारण माझी आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होती आणि मी लहानपणापासून तिच्या इलेक्शन ड्युट्या बघितल्यात.

१५ ऑक्टोबर २०१४, विधानसभा. आईला केंद्राध्यक्ष म्हणून ऑर्डर आलेली, तालुक्यातल्याच एका वाडीवरचं केंद्र. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य वाटप, उन्हात रांगेत उभं राहून मशीन, पेपर सील, शाईची बाटली, मार्क्ड कॉपी (खुणा करायची मतदार यादी), पाकिटांचा तो गठ्ठा सगळं मोजून घ्यायचं, मग एसटीने केंद्रावर, रात्री शाळेच्याच वर्गात सतरंजी टाकून झोपायचं. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, आणि सातला मतदान सुरू.

अकराच्या सुमारास एक माणूस एका आजीला धरून आला, आजीला दिसत नाही, मी सोबती म्हणून बटण दाबतो. नियमात बसतं, आईने डिक्लेरेशन घेतलं, यादीत नोंद केली, सोडलं. अर्ध्या तासात तोच माणूस एका आजोबांना घेऊन हजर. आता नियम असा आहे की एका माणसाला एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं, दुसऱ्याचा नाही. आईने तसं सांगितलं, आजोबांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, घरचं कुणी आहे का विचारलं, तर नात बाहेर झाडाखाली उभी होती. तिला बोलावलं, वय विचारलं, आजोबांनी तिच्याबरोबर जाऊन मत दिलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त तो माणूस जाताना टेबलावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमची शाळा कुठली म्हणालात?"

एवढंच. आईने शाळेचं नाव सांगितलं आणि केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत वेळ घालून सगळी हकीकत लिहिली. संध्याकाळी क्लोज दाबलं, टोटल आणि रजिस्टर जुळवलं, एजंटांना सतरा सीच्या, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या फॉर्मच्या, प्रती दिल्या, मशीन जमा करून घरी आली तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले, आणि जेवली नव्हती.

महिन्या-दीड महिन्याने पत्र आलं, वृद्ध मतदाराला परत पाठवल्याची तक्रार आहे, खुलासा द्या. तिने खुलासा दिला, तिची दैनंदिनी काढून बघितली गेली, तिथे वेळेसकट सगळं होतं, प्रकरण मिटलं. पण ते मिटायला सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यांत बदल्यांचा विषय निघाला की ती गप्प व्हायची ते मी पाहिलंय.

दादा, मला जे म्हणायचं होतं आणि मूळ लेखात नीट जमलं नाही ते हेच. "तुमची शाळा कुठली" हाच प्रश्न वरच्या माणसालाही विचारला जातो, फक्त शब्द वेगळे असतात. खन्नांना तो सरन्यायाधीशपदाच्या रूपात विचारला, कुणाला राज्यसभेच्या, कुणाला राजदूतपदाच्या. खाली तो बदलीच्या रूपात येतो. आणि खालच्या माणसाला संरक्षण किती? कायद्याप्रमाणे निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत कलेक्टरपासून शिपायापर्यंत ड्युटीवरचे सगळे आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर धरले जातात, म्हणजे तेवढे दिवस त्यांच्यावर हुकूम आयोगाचा. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तहसीलदार त्याच तहसीलमध्ये, आई त्याच शाळेत, आणि जो निवडून आला तो आमदार त्याच तालुक्यात. न्यायाधीशाला डावलल्याचा निदान इतिहास तरी होतो. तलाठ्याची बदली झाली तर तिची बातमी पण होत नाही.

म्हणून नावं उगाळते म्हणालात ते मला मान्य नाही, ती नावं लागतात, नाहीतर मोजायचं कशाने. पण खालची नावं नसणं ही चूक मान्य. सुकुमार सेनांचंच बघा ना. १९५१-५२ ची पहिली निवडणूक, १७ कोटींच्या वर मतदार, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, पेट्यांवर पक्षांची चिन्हं. याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. सेनांनी ठरवलं की नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही, आणि जवळपास २८ लाख बायका यादीतून गेल्या. फार कठोर निर्णय, पण पुढच्या खेपेला त्यातल्या बऱ्याच बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. हे मी लेखात लिहिलं होतं. जे लिहिलं नाही ते हे की दारात उभं राहून "ताई, तुमचं नाव काय, तुमचं स्वतःचं" असं विचारणारा माणूस सेन नव्हता. तो कुणीतरी कारकून होता, मास्तर होता, तलाठी होता, आणि घरचे पुरुष रागाने बघत असताना त्याने तो प्रश्न विचारला असेल.

मूळ लेखात शेषन आणि गिल यांचं निवृत्तीनंतरचं आज टाकलंय, छागलांचा परिच्छेदही जोडलाय. "व्यक्ती मोठी म्हणून संस्था मोठी" असं एक वाक्य होतं ते काढलं.

सेनांच्या परिच्छेदाखाली जागा मोकळी ठेवलीय. तुमच्या वडिलांनी कुठल्या कुठल्या निवडणुका केल्या, मतपेट्या कशातून न्यायचे, याद्या करताना घरोघरी काय ऐकून घ्यावं लागलं, कुणी कधी त्यांना त्यांचा सज्जा (तलाठ्याकडची गावं) कुठला असं विचारलं का, जे आठवेल ते लिहून पाठवा, मोडकंतोडकं असलं तरी चालेल. नाव टाकायचं नसेल तर नुसतं "एक तलाठी" असं लिहीन. आईला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली, तीही वाट बघतेय.