ग्रिपच्या आधी तारीख बघा

स्पोर्ट्स कारला सगळ्यात जास्त ग्रिपचा टायर घ्या, हा टायर निवडण्यावरच्या एका लेखातला सल्ला रेसच्या ट्रॅकपुरता ठीक आहे. साध्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मला तो अजिबात पटला नाही. ट्रॅकच्या टायरचं रबर तापल्याशिवाय नीट पकड घेत नाही, आणि खाचा कमी असल्याने साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला लागते.

शिवाय टायरच्या वयाबद्दल लेखात एक शब्द नाही! टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यातून टायर कधी बनला ते कळतं. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. बरेचदा पूर्ण कोड टायरच्या आतल्या, गाडीकडच्या बाजूला असतो, मोबाईलचा टॉर्च मारून बघावं लागतं. स्पोर्ट्स कार पुष्कळदा उभ्याच असतात, त्यामुळे खाचा शाबूत पण रबर वाळून कडक झालेलं, असं खूप होतं. खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर टायर बदलाच.

आणि फक्त मागची जोडी बदलणार असाल तर कृपया पुढच्या टायरच्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे टायर घ्या. पुढे-मागे पकड वेगळी असेल तर ओल्या वळणावर मागची बाजू कधी सुटेल सांगता येत नाही. स्पीड रेटिंगही, म्हणजे टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं अक्षर, उतरवू नका. वाय (ताशी ३०० किमी) असेल तिथे व्ही (२४०) स्वस्त मिळाला तरी नको.