गोवराच्या घरी पाहुण्यांची रीघ

आमच्या सोलापुरात एखाद्या मुलाला गोवर निघाला, की त्याला वेगळ्या खोलीत ठेवण्याआधीच भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंतचे नातेवाईक कडेवर तान्ही बाळे घेऊन थेट आजाऱ्याच्या उशाशी बसतात. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही २ तासांपर्यंत हवेत टिकतो आणि पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत लागण होऊ शकते, हे सांगितले की आपणच माणूसघाणे ठरतो. लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, मग कडेवरच्या त्या बाळाचे काय? जुन्या बायका दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधून परक्याला उंबऱ्याबाहेर थांबवत. त्यांचे कारण निराळे असेल, पण निदान दार तरी बंद राही. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस असले तर विचारूच नका: ताप उतरला एवढ्या भांडवलावर त्याच मुलाला होम मैदानावर पाळण्यात बसवायला नेतात, आणि गर्दीत दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावायला मात्र विसरत नाहीत.