फुटपाथवर चालताना घ्यावयाची काळजी

डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून सांगितलेल्या आणि रिक्षावाल्यांनी 'तिकडं नाही येणार' म्हणून सांगितलेल्या पुण्यातल्या तमाम बंधुभगिनींसाठी हे चार शब्द. अनुभवाचे आहेत. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पौड रस्त्यावर पाच किलो ज्वारीचं पीठ मोजून मी हे शब्द विकत घेतले.

झालं असं, की गिरणीतून दळण घेऊन घरी निघालो होतो. ताजं दळण गरम असतं. थंडीच्या दिवसांत पिशवी पोटाशी धरून चालायला बरं वाटतं. मागून हॉर्न वाजला. मी फुटपाथवर होतो, त्यामुळे हॉर्न आपल्यासाठी असेल असं वाटलंच नाही. इथे पहिली चूक झाली. दुसरा हॉर्न लांबलचक वाजला. मी मान वळवतो न वळवतो तोच मोटरसायकलचा आरसा पिशवीच्या बंदात अडकला, बंद तुटला आणि पाच किलो पीठ पेव्हर ब्लॉकवर.

गाडीवाला थांबला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. थांबून त्याने आधी आरसा तपासला. मग मला म्हणाला, "काका, केव्हाचा हॉर्न देतोय, ऐकू येत नाही का?"

"अहो, हा फुटपाथ आहे."

"मग? तुमच्या बापाचा आहे का?"

आणि गेला. आमचे वडील सदाशिव पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले आणि तिथेच वारले. फुटपाथ त्यांच्या नावावर नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. तेव्हा मुद्दा त्याचाच बरोबर होता. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून काही सूचना.

मागे बघत चाला. पुढे काय असतं? उचकटलेली फरशी, चेंबरचं झाकण, विजेचा डीपी, वडापावची गाडी, कुणाच्या तरी दुकानाचा बोर्ड. हे सगळं जागच्या जागी असतं, आठवड्याभरात पाठ होतं. येतं ते मागून येतं. जमत असेल तर सरळ उलटेच चाला.

हॉर्न वाजला की 'सॉरी' म्हणा.

दोघांनी शेजारी शेजारी चालणं हा उद्धटपणा आहे. नवरा-बायकोंनी काही बोलायचं असेल तर घरी बोलावं. मूल असेल तर कडेवर घ्यावं, दोन असतील तर एक घरी ठेवावं.

फुटपाथच्या मधोमध उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्यांची पट्टी दिसेल. ती अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून असते, असा एक गैरसमज आहे. ती पट्टी बऱ्याच ठिकाणी थेट डीपीच्या डब्यावर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर जाऊन आपटते. अंधांसाठी असती तर अशी आपटली असती का? ती गाडीवाल्यांची मधली लेन आहे. तिच्यावर पाय ठेवू नका.

गाड्या कुठून चढतात ते ओळखायला शिका. सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथला उतार दिलेला असतो, तो त्यांचा जिना. वेळही ठरलेली असते. सिग्नल लाल झाला की थोडा वेळ सगळे सभ्यपणे उभे असतात. मग एक जण चढवतो. त्या पहिल्याला थोडी लाज असते, तो इकडेतिकडे बघून घेतो. दुसरा पहिल्याकडे बघतो. तिसरा कुणाकडेच बघत नाही. चौथा हॉर्न देतो. आपण पहिल्याच्या वेळी भिंतीला चिकटायचं, म्हणजे चौथा येईपर्यंत जागा मोकळी होते.

आता काही जाणती मंडळी म्हणतील, की एवढं कशाला, फुटपाथच्या तोंडाशी खांब ठोका, प्रश्न मिटला. बोलार्ड म्हणतात त्यांना. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा टेप घेऊन बसलो. (बायको म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुम्हाला कामच उरलं नाही. खरं आहे.) आमच्या ॲक्टिव्हाची रुंदी भरली सत्तर सेंटिमीटर. व्हीलचेअर नीट जायची तर साधारण नव्वद सेंटिमीटर मोकळे लागतात. म्हणजे बघा हं, ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्या फटीतून स्कूटर वीस सेंटिमीटर राखून जाते. आणि स्कूटर अडेल इतकी फट लहान केली, की आधी व्हीलचेअर अडते. मुंबईत नेमकं हेच झालं. फुटपाथच्या तोंडाशी खांब इतके जवळजवळ लावले की व्हीलचेअरवाल्यांना आत जाता येईना, आणि २०२३ साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हणजे धडधाकट माणसाने दोन मिनिटं वाचवू नयेत म्हणून लावलेले खांब अडवणार कुणाला, तर ज्याला चालताच येत नाही त्याला. गाडीवाला काय करतो? तो खांबापाशी येतो, हँडल तिरकं करतो, मागे बसलेल्या बायकोला म्हणतो 'गुडघा आत घे', आणि जातो. नाहीच जमलं तर चार दिवसांनी एक खांब वाकलेला असतो, आठ दिवसांनी आडवा, आणि मग फक्त बोल्ट उरतात, आपल्याला ठेच लागायला. मग महापालिका पुन्हा टेंडर काढते. आपल्याच पैशातून. फुटपाथची उंची वाढवली तर म्हाताऱ्यांना चढवत नाही, कमी केली तर गाड्या चढतात. साखळी लावली तर साखळी चोरीला जाते. जगातला कुठलाही इंजिनिअर आणा, ज्याच्यावरून आजी जाईल आणि मोटरसायकल जाणार नाही असा फुटपाथ त्याला बांधता येणार नाही, कारण अडचण सिमेंटची नाहीच मुळी. अडचण...

असो. सूचना चालल्या होत्या.

हातात काही घेऊन चालू नका. दळण तर नकोच.

कायदा काढू नका. कायद्याचं मला बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून सांगतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच लिहिलेलं होतं, की गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय फुटपाथवर गाडी न्यायची नाही. आमच्या चौकात गणवेशातले मामा उभे असतात ते झाडाआड, हेल्मेटवाल्यांसाठी; फुटपाथकडे त्यांची पाठ असते. तीच परवानगी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. धोरण चांगलं आहे, वाचायला घेतलंत तर घरी बसून वाचा, फुटपाथवर नको. रस्तेबांधणीचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड काँग्रेस म्हणते, चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे. आमच्याकडे तेवढी आहे. म्हणून तर दोन गाड्या शेजारून जाऊ शकतात. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे वाक्य मी त्या गाडीवाल्याला ऐकवणार होतो. पण तो पुढच्या सिग्नलला पोचला होता.

शिवाय आपल्याला दरवर्षी ११ डिसेंबर मिळतो, त्याबद्दल कृतज्ञ राहा. २०२१ पासून त्या दिवशी पालिका पादचारी दिन साजरा करते. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा गाड्यांना बंद. लोक मधोमध चालतात, फोटो काढतात. बैलाला पोळ्याला झूल घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात, तसंच. दुसऱ्या दिवशी औत आहेच.

कुणाला अडवायला जाऊ नका. २०२० साली कर्वे रस्त्याच्या भागात एक आजी फुटपाथवर गाड्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या आणि एकेकाला खाली उतरवत होत्या, आठवतंय ना? तो व्हिडिओ देशभर फिरला. सगळ्यांनी 'सलाम' म्हणून पुढे पाठवला. त्यातल्या निम्म्यांनी तरी सिग्नलला गाडी उभी असताना पाठवला असेल, आणि पाठवून झाल्यावर फुटपाथवर चढवली असेल. आपल्याला आजी आवडतात. त्या दुसऱ्या कुणाला तरी अडवत असतील तोपर्यंत.

पिठाचं राहिलं. मी ते गोळा करायला खाली बसलो होतो. वरचं वरचं तरी वाचेल म्हणून हाताने ओढून पिशवीत भरत होतो. तेवढ्यात सिग्नल पुन्हा लाल झाला आणि ते आले. माझ्या डावीकडून, उजवीकडून, पिठातून. पांढऱ्या पिठात टायरची नक्षी उठली. मग त्यावर दुसरी, तिसरी. पुढे वीस-पंचवीस फुटांपर्यंत पेव्हर ब्लॉकवर पांढरे पट्टे ओढले गेले. मी हात आवरून घेतला आणि नुसता मोजत बसलो. दोन सिग्नलमध्ये तेवीस.

आपल्याकडे पद्धत अशी, की फुटपाथवर गाडी दिसली की 'ती डिलिव्हरीची पोरं हो' म्हणायचं. त्या तेवीसात पाठीवर डिलिव्हरीची पेटी असलेले चार होते. त्यांना निदान कुणीतरी दहा मिनिटांत कोथिंबीर मागवलेली असते. बाकीचे एकोणीस कोण होते? लॅपटॉपची बॅग लावलेले. भाजीची पिशवी पायात ठेवलेल्या बाई. हेल्मेट आरशाला अडकवलेला, माझ्याच वयाचा एक सद्गृहस्थ, कपाळाला गंध. आणि एक बाप, स्कूटरवर पुढे शाळेच्या गणवेशातलं पोर उभं. पोराने विचारलं, "बाबा, हे काय सांडलंय?" बाबांनी खाली पाहिलं. मी बसलोय ते पाहिलं. म्हणाले, "रांगोळी आहे, पाय वर घे."

हे लिहिताना ठरवलं होतं, की आवाज चढवायचा नाही. गोड बोलून सूचना द्यायच्या. पण चालणाऱ्यांना काय सूचना देत बसलोय मी? त्यांचं काय चुकलंय?

अहो बाबा, तुम्ही. हो, तुम्हीच. तुम्हाला माणूस दिसला होता. पन्नाशी-साठीचा माणूस, जमिनीवर उकिडवा बसलेला, हाताला पीठ लागलेलं. तुम्हाला ती रांगोळी वाटली नव्हती. लाज वाटली म्हणून पोराशी खोटं बोललात. एवढी लाज वाटत होती तर गाडी का नाही थांबवली? उतरायचं, इंजिन बंद करायचं, ढकलत न्यायची. कुणी एक शब्द बोललं नसतं. मी स्वतः पाय बाजूला घेतला असता.

ट्रॅफिक आहे, माहीत आहे. रस्ते खणलेत, माहीत आहे. बस वेळेवर येत नाही, ऑफिसात लेट मार्क लागतो, सगळं सगळं मान्य. मीही त्याच रस्त्यावर असतो. आणि खोटं कशाला बोलू, मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा कर्वे रस्त्यावर दोन-तीनदा मीही चढवली आहे. तेव्हाही बाजूला झालेल्या एका बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं ती मला अजून आठवते. हॉर्न मात्र दिला नव्हता. तुम्ही चोरी करता ती करता, वर घरमालकाला म्हणता, बाजूला हो, कपाट दिसत नाहीये!

रस्ता तुम्हाला दिला. रस्त्याची कड पार्किंगला दिली. दुकानांसमोरचा फुटपाथ दुकानदारांना आणि मांडवांना गेला. उरलेल्या चार फुटांत आम्ही भिंतीला घासत चालतो, तेही पाहिजेत? २०२२ सालात या देशात रस्त्यावर ३२,८२५ पायी चालणारी माणसं मेली. सरकारी आकडा आहे. दिवसाला नव्वद. यांना काय रस्त्यावर उतरायची हौस होती का? ज्याला फुटपाथवर सुखाने चालू दिलं जात नाही तो खालीच उतरतो ना, बसच्या आणि टँकरच्या चाकापुढे?

तुमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. तुम्ही तिला काय सांगता? "आई, सोसायटीच्या आतच फेऱ्या मार, बाहेर फार गाड्या असतात." कुणाच्या असतात त्या गाड्या? कुणाच्या, सांगा ना!

काल पुन्हा ज्वारी दळायला टाकली. बायको म्हणाली, या वेळी हट्ट करू नका, ॲक्टिव्हा घेऊन जा. गेलो. गिरणीसमोर गाडी लावायला तसूभर जागा नव्हती. मी दोन चकरा मारलेल्या पाहून गिरणीवाला आतून ओरडला, "काका, फुटपाथवर चढवा की, सगळे तिथंच लावतात!"

दळण अजून तिथंच आहे. संध्याकाळी चालत जाईन.