गुलदार बुडवा, पण आधीच बुडालेल्या जहाजांचं काय?

मागच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला होतो तेव्हा घरात जेवताना, बाजारात, नाक्यावर एकच विषय, गुलदार. 2024 च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली ही युद्धनौका निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं असा प्लॅन. मावसभाऊ खूश, म्हणतो टुरिस्ट येतील, पोरांना मुंबईला जावं लागणार नाही. शेजारचे काका मच्छीमार, ते म्हणतात आमच्या जाळ्यांचं काय ते आधी सांगा. दोघांचंही मला पटतं. पण ऐकताना माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं, की जहाज बुडवायला आपल्याकडे एवढी तयारी, आणि जी आधीच बुडून पडलीयेत त्यांची नोंद घ्यायला माणसं किती?

मी नऊ वर्षं प्लिमथला राहतोय, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. इथल्या एका डायव्हिंग क्लबमध्ये आहे, नोकरीधंदा सांभाळून वीकेंडला पाण्यात उतरणारी साधी माणसं, कोणी प्लंबर, कोणी नर्स. बंदराबाहेरच 1691 मध्ये बुडालेल्या कोरोनेशन या युद्धनौकेच्या तोफा तळाशी पडल्यात. तिथे जायला परवाना लागतो, आणि त्या जागेची वर्षानुवर्षं काळजी घेतलीये ती हौशी डायव्हर लोकांनीच. पहिल्यांदा खाली गेलो तेव्हा शेवाळाने झाकलेली ती तोफ बघून अंगावर काटा आला, हात लावायची फार इच्छा झाली, नाही लावला. नियमच तो, बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे, उचलायचं काहीच नाही.

आणि लोखंडी तोफ उचलून वर आणली म्हणजे वाचवली असं नसतंच. शेकडो वर्षांत लोखंडात मीठ मुरलेलं असतं, बाहेर हवेत ती सुकली की तडकते, पापुद्रे सुटतात, लॅबमध्ये मीठ काढायला वर्षं जातात. मेरी रोझ ही जुनी इंग्लिश युद्धनौका 1982 ला समुद्रातून वर काढली, आणि लाकूड सुकून तडकू नये म्हणून तिच्यावर मारायचे फवारे बंद व्हायला 2013 उजाडलं. ते जहाज शोधायला 1965 पासून खटपट केली तीसुद्धा हौशी डायव्हरनी, आणि पुढे उत्खननात जवळपास 500 स्वयंसेवक डायव्हर राबले, 28 हजारांच्या आसपास डाइव्ह!

आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, जागा माहीत झाली की लोक लुटणार. भीती खरी आहे, मी नाकारत नाही. इथेही तेच झालं होतं. सिली बेटांजवळ 1707 मध्ये बुडालेलं असोसिएशन हे जहाज 1967 ला सापडलं आणि नाण्यांसाठी नुसती झुंबड उडाली. मग 1973 ला कायदा आला. पण कायद्याने डायव्हरना सरसकट हाकललं नाही, परवाना दिला, ट्रेनिंगची सोय झाली, आणि कुठल्याही जहाजाच्या अवशेषातलं काही वर आणलं तर 28 दिवसांत सरकारला कळवायचं बंधन आहे. लपवाछपवी करणारे अजून आहेत, पण पाण्यात डोळे उघडे ठेवणारे जास्त झालेत.

गोव्यात दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने बुडालेल्या जहाजांची नोंद घ्यायचं काम केलंय. सुंची रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष, त्यात हस्तिदंत, चिनी भांडी. सेंट जॉर्ज रीफवर तर कौलं आणि विटा, त्यावर मंगलोरला कौलं बनवणाऱ्या बासेल मिशनचा छाप आणि 1865. आजोळच्या घरावर मंगलोरी कौलं होती, तसल्याच कौलांची खेप तिथे समुद्राच्या तळाशी पडलीये हे वाचलं तेव्हा मला आजीचं घरच आठवलं. पण एक संस्था किती किनारा बघणार?

आणि तारकर्ली-मालवणला आज किती पोरं रोज पाण्यात उतरतात! टुरिस्टला मासे दाखवतात, त्यांना तिथला खडकन् खडक पाठ आहे. त्यांना आठवडाभर ट्रेनिंग द्या, मोजायची टेप कशी लावायची, स्लेटवर पेन्सिलीने स्केच कसं काढायचं, गोप्रोने एकावर एक येणारे फोटो कसे घ्यायचे म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेल बनतं. गुलदारच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. आणि मच्छीमारांना आधी विचारा, जाळं कुठे अडकतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, पण विचारल्यावर त्यांची मासेमारीची जागा बंद होणार नाही हेही लिहून द्या, नाहीतर कोण सांगेल?

शिवाय ही नुसती टुरिस्टची गोष्ट नाही हो. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आमच्या आजीच्या पिढीला ती गटारीची अमावस्या शेवटपर्यंत आठवत होती. बुडालेलं जहाज म्हणजे कोणाच्या तरी घरातलं सुतक असतं. तिथे उतरणाऱ्या पोराला हे माहीत असलं की तो आठवण म्हणून खिळा खिशात घालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबरमध्ये परत येतोय, तेव्हा पाणी जरा स्वच्छ असतं. दोन स्लेट आणि तीस मीटरची टेप घेऊन येतो, मावसभावाच्या ओळखीचे दोन इन्स्ट्रक्टर शिकायला तयार आहेत. पण त्याआधी काकांकडे चहाला जायचंय, त्यांचं जाळं नेमकं कुठे फाटतं ते विचारायला.