राज्य बुडवायचंय? मग घाई करू नका

तुमच्याकडे एखादं नीट चाललेलं राज्य असेल आणि ते बुडवायचं मनात असेल, तर आधी एक पुस्तक मिळवा. आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी ते लिहिलं. शिवाजी महाराजांपासून पाच छत्रपतींचा कारभार जवळून पाहिलेला माणूस तो. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत वाचून होतं. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे, असं त्यात म्हटलंय. टोपीकर, म्हणजे युरोपातले व्यापारी, हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांची राज्यं उभी आहेत, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असं बजावलंय. वतनदार म्हणजे राज्याचे दायाद, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद, हेही सांगून ठेवलंय. एकेक कलम लक्षात ठेवा आणि बरोबर उलटं वागा. आपल्या पूर्वजांनी एवढंच केलं आणि शंभर वर्षांत काम फत्ते झालं.

(राज्य नसेल तरी खट्टू होऊ नका. साखर कारखाना चालेल, पतसंस्था चालेल, गेला बाजार गृहनिर्माण सोसायटी. कृती तीच, माप कमी-जास्त करून घ्या.)

नवशिके एक चूक हमखास करतात. ते शत्रू शोधत बसतात. शत्रूच्या हातून हे काम होत नाही, आपल्याकडे तो प्रयोग करून झालाय. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर एक अख्खी पिढी कापली गेली. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून उठलेच नाहीत, जूनमध्ये गेले. आता बुडालंच म्हणायचं ना? पण १७७१ मध्ये महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत. दहा वर्षं! अब्दालीने एवढा घाव घालून काय मिळवलं? बाहेरच्या माणसावर असं विसंबून चालत नाही. स्वतः हात घालावा लागतो.

सुरुवात आरमारापासून करा, कारण ते डोंगराआड असतं आणि पुण्यातून दिसत नाही. मराठी आरमाराचे सरखेल तुळाजी आंग्रे विजयदुर्गावर होते. माणूस मोठा उद्दाम, पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरंच आहे. मग नानासाहेबांनी काय केलं? आपल्या आरमाराला वठणीवर आणायला मुंबईच्या इंग्रजांचं आरमार बोलावलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज, पाण्याकडून इंग्रज. बंदरात उभी असलेली आंग्र्यांची जहाजं जळून खाक झाली. खजिना इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला आणि किल्ला सोडला तो आठ महिन्यांनी, बाणकोट पदरात पाडून घेऊन. तुळाजी कैदेत गेले, ते सुटलेच नाहीत. जहाजांचं काय, असा प्रश्न पुण्यात फारसा कोणाला पडलेला दिसत नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालला गेले. बंगाल त्यांच्या हाती देणारी प्लासीची लढाई १७५७ ची. म्हणजे त्यांची रंगीत तालीम आपल्याच बंदरात झाली, आणि यजमानपणही आपलंच.

इथे थोडं थांबा, कारण सगळी कला या एका प्रसंगात आहे. घरातला माणूस ऐकत नसेल तर त्याच्याशी बोलू नका, त्याला मारूही नका. बाहेरच्याला बोलवा. बाहेरचा येतो, काम चोख करतो आणि जाताना एखादं बंदर मागतो. बंदर एवढंसं असतं हो. द्या.

आता वसईकडे या. वसई म्हणजे या विषयातलं तीर्थक्षेत्र. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये ती पोर्तुगिजांकडून घेतली. त्या वेढ्यात हजारो माणसं कामी आली. कोकणात आजही जुनी माणसं वसईच्या मोहिमेचं नाव छाती काढून घेतात. चिमाजीअप्पांचा सख्खा पुतण्या म्हणजे रघुनाथराव, अर्थात राघोबा. हा राघोभरारी अटकेपर्यंत गेलेला, तेव्हा पराक्रमाला कमी म्हणता यायचं नाही. पेशवाई मात्र पुतण्याकडे, माधवरावाकडे. मग १७६२ मध्ये निजामाची मदत घेऊन आळेगावला पुतण्यालाच हरवायचं. पुतण्याने पुढे त्याला धोडपला धरून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवला, आणि तो स्वतः सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेला. मग दुसरा पुतण्या, नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी, म्हणजे पगारी पहारेकरी, वाड्यात शिरले आणि नारायणरावाला मारलं. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला म्हणतात. एका अक्षराचं खापर एका बाईवर फोडून आपण अडीचशे वर्षं मोकळे झालो आहोत, ही सोयही टिपून ठेवा. रामशास्त्र्यांनी राघोबांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं. अशा न्यायाधीशाचं काय करायचं? काही करायचं नाही. तो आपणहून पुणं सोडतो. नंतर त्याच्या गोष्टी मुलांना सांगायच्या.

बारभाईंनी, म्हणजे विरोधात एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राघोबांना हाकललं तेव्हा ते सुरतेला गेले आणि मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार माणसं द्यायची, पेशवाई मिळवून द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई. चुलत्याने जे रक्त सांडून घेतलं ते पुतण्याने सहीने दिलं. बरं, तोवर राघोबांच्या हातात ना साष्टी होती ना वसई. आपल्या ताब्यात नसलेली वस्तू देताना हात जरा सैल सुटतो. तुम्हीही करून बघा.

मध्ये एक अपघात झाला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शिंदे, होळकर, नाना फडणवीस असे सगळे एकदम एका बाजूला आले आणि इंग्रज फौजेला नाक मुठीत धरून करार करावा लागला. असे प्रसंग कटाक्षाने टाळावेत. चुकून घडलेच तर ताबडतोब हिशोब काढावा.

हिशोबाचं सांगतो. पेशवाईतल्या कारकुनाचा हिशोब पैला चुकत नसे, आणि ही अडचण नसून संधी आहे. महादजींनी उत्तरेत बादशहाला मुठीत ठेवलं. १७९२ मध्ये ते पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुखत्यारीची, वस्त्रं घेऊन पुण्यात आले. पुण्यात काय विचारलं गेलं? हिंदुस्थानातल्या वसुलाचा हिशोब दाखवा. महादजी म्हणाले, माझंच सरकारकडे येणं निघतं. नाना आणि महादजी, त्या काळातली दोन सर्वांत तल्लख डोकी, जमाखर्चावर अडली. इकडे हे चाललेलं, तिकडे १ जून १७९३ ला लाखेरीला शिंद्यांची फौज होळकरांच्या फौजेवर तुटून पडली. दोन्हीकडे फिरंग्यांनी शिकवलेले कवायती कंपू, दोन्हीकडे भगवं निशाण. शिंद्यांचा सेनापती डीबॉयन जिंकला. तो पुढे गडगंज होऊन फ्रान्सकडच्या आपल्या गावी, शांबेरीला परतला. तिथे त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं एक कारंजं उभं आहे, लोक जाऊन फोटो काढतात. आपल्या दौलतीचं तेवढं एक स्मारक तरी सुस्थितीत आहे.

आता वारसदार. इथे फार विचार करू नका, वय बघा. जितकं कमी तितकं बरं. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये गेले तेव्हा दौलतराव जेमतेम पंधरा वर्षांचे, आणि हाताशी हिंदुस्थानातली सर्वांत कडवी फौज. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यातून पडून गेले. वर्षभर पेशवा कोण यावर इतकी कारस्थानं झाली की दुसऱ्या बाजीरावांच्या धाकट्या भावालाही मध्येच काही महिने पेशवा करून झालं. शेवटी गादीवर बसले ते स्वतः बाजीराव, राघोबांचे चिरंजीव. दौलतरावांना कबूल केलेला पैसा द्यायला त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनी, मोठ्या मनाने म्हणा, पुणं दिलं. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी १७९८ मध्ये शहरातल्या धनवंतांना तापलेल्या तोफांवर बसवून वसुली केली. राजधानी शत्रूने लुटली तर लोक चिडतात, एकत्र येतात. ती घरच्याने लुटावी, म्हणजे लोक फक्त गप्प बसतात. हे गप्प बसणं पुढे फार उपयोगी पडतं.

मामलतींचे, म्हणजे परगण्यांच्या वसुलीचे, लिलाव ही मात्र बाजीरावांची खरी करामत. जो जास्त बोली देईल त्याला मक्ता. वर्ष भरायच्या आत कोणी जास्त दिले तर आधीचा बाहेर. त्यामुळे मक्तेदार पहिल्या दिवसापासून असा वसूल करी की जणू उद्या गावाला आग लागणार आहे. न्यायही त्याच्याच हाती. दावा जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी म्हणजे दंड, सरकार कधीच हरायचं नाही. या मार्गाने तिजोरी भरते, हेही सांगायला हवं. बाजीरावांकडे पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये. पैसा होता, रयत नव्हती.

मग शेवटचा हात. यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी हाती लागले. एप्रिल १८०१ मध्ये त्यांना शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं आणि बाजीरावांनी ते बघितलं. यशवंतराव चालून आले, २५ ऑक्टोबर १८०२ ला ऐन दिवाळीत हडपसरजवळ पेशवे आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा करत कुठे पोचले? वसईला. ३१ डिसेंबर १८०२ ला तह झाला. सहा हजार इंग्रजी फौज कायमची, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख, आणि बाहेरच्या कोणाशी बोलायचं ते इंग्रजांना विचारून. बापाने वसई दिली होती, मुलाने वसईत बसून बाकीचं दिलं. घराण्याचा नेम चुकला नाही.

पुढच्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढायला उठले. होळकर? होळकर बसून राहिले. शिंद्यांचं बुडत असेल तर आपण मध्ये का पडा! शिंद्यांच्या कंपूंतले इंग्रज अंमलदार कंपनीचा जाहीरनामा निघताच पलीकडे गेले आणि त्यांच्यातल्याच एकाने अलीगडच्या किल्ल्याचा रस्ता दाखवला. पेराँ हा सरसेनापती तर आपली पुंजी सांभाळून शरणच गेला. असईला, २३ सप्टेंबर १८०३ ला, भोसले निघून गेले, मागून शिंदे गेले, आणि पायदळ व तोफा मात्र धनी गेल्यावरही लढत राहिल्या. समोर वेलस्ली होता, पुढे वॉटर्लू जिंकलेला वेलिंग्टन. आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं की तो असईचं नाव घेई. सांगायचं एवढंच की शिपाई चांगले निघाले तर घाबरू नका, ते आडवे येत नाहीत. १८०४ मध्ये होळकर एकटे लढायला उठले, आणि त्या वेळी शिंदे बसून राहिले. फिट्टंफाट.

राहता राहिलं तुमचं पुढचं कसं होणार. हा प्रश्न स्वाभाविक आहे, संसार सगळ्यांना असतो. सालबाईच्या तहात राघोबांना महिना २५ हजार ठरले. त्यांचे दत्तकपुत्र अमृतराव यांना सालाना सात लाख मिळाले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई बाजीरावांनी पर्वतीवरून पाहिली. आजही तिथून खडकीकडचं दृश्य सुरेख दिसतं, इमारती आड येतात तेवढंच. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं, ते चढवायला पुढे झाले बाळाजीपंत नातू. अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालाना आठ लाखांवर बिठूरला गेले. तिथे ते जानेवारी १८५१ पर्यंत जगले. गुणाकार करून बघा, अडीच कोटींच्या वर जातो. राज्य चालवून इतकी निश्चिंती कोणत्या पेशव्याला लाभली? पहिले बाजीराव घोड्यावरच उभं आयुष्य काढून चाळिशीत गेले, आणि माधवरावांचं तर सांगितलंच.

यातलं काहीही ऐकीव वाटत असेल तर पुण्याला पेशवे दफ्तरात जा. कोणी कोणाला किती दिले, काय लिहून दिलं, कोणाची तक्रार कोणाकडे नेली, सगळं रुमालांत बांधून ठेवलंय, हजारो रुमाल. कागद उत्तम, अक्षर मोत्यासारखं. लिपी तेवढी मोडी आहे, आणि ती वाचणारे आता थोडेच उरलेत. तेव्हा तुम्ही निर्धास्तपणे कामाला लागा.