बर्गरात हॅम नाही, मटणात मेंढी आहे

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटजवळच्या एका गाड्यावर ‘व्हेज हॅमबर्गर’ अशी पाटी लागली आणि आमचा कट्टा तिथंच अडकला. गज्या माळकरी. तो भडकला, "हॅम म्हंजे डुकराची मांडी ना बे? मंग व्हेज कामून लिहिलं यानं?"

मास्तरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली. ते म्हणाले, "त्यात हॅम नाहीच रे. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं शहर. तिथला तो हॅम्बुर्गर, जसा पैठणचा तो पैठणकर. लोकांनी शब्द भलत्याच जागी तोडला, ‘बर्गर’ सुटा केला आणि त्याला चीज, व्हेज, काय वाट्टेल ते जोडलं."

"म्हंजे पैठणकरातला ‘ठणकर’ तोडून बीडठणकर, जालनाठणकर केल्यावानी?"

मास्तर हसले. आजवर त्यांना यापेक्षा चांगलं उदाहरण सुचलं नसावं.

मग वकिलानं सँडविच काढलं. लॉर्ड जुगारातून उठेना म्हणून पावात मांस घालून मागवलं, ही त्याची आवडती गोष्ट. मास्तरांनी तिला कात्री लावली. सँडविचचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू खरा, नाव त्याच्यावरूनच पडलं. इतिहासकार गिबननं १७६२ साली रोजनिशीत क्लबातल्या सरदारांच्या खाण्यात ‘सँडविच’ लिहून ठेवलंय. जुगाराची कथा मात्र एका फ्रेंच प्रवाशाच्या लंडनवरच्या पुस्तकातून पसरली. अर्ल आरमाराचा मंत्री होता, तेव्हा कामाच्या टेबलावरच खात असेल, असं त्याच्या चरित्रकाराचं म्हणणं.

"सरकारी माणूस टेबलावर काम करत व्हता? यापरीस जुगार पटतो," वकील म्हणाला. त्याची निम्मी हयात तहसीलच्या चकरांत गेलेली.

"अन् सँडविच म्हंजे काय पण?"

"केंट परगण्यातलं गाव. सँड म्हणजे वाळू, विक म्हणजे पेठ, वस्ती."

"वाळूज म्हणा की!" गज्या ओरडला. आता वाळूजच्या कंपनीत जाणाऱ्या प्रत्येकाला तो लॉर्ड म्हणतो.

खरी जुंपली ती मटणावर. ‘मटण’ इंग्रजीतून आलं, इंग्रजीत फ्रेंचमधून, आणि तिथं अर्थ मेंढा. आपण खातो बोकड! मास्तर म्हणाले, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. गुरं राखणाऱ्यांची भाषा इंग्रजी राहिली, ताटावर बसणाऱ्यांची फ्रेंच. म्हणून गोठ्यात ‘शीप’ आणि ताटात ‘मटण’.

"आपल्याकडंबी तेच," वकील म्हणाला. "१९४८ पर्यंत निजामाचं राज्य, म्हणून हॉटेलात गोश्त. अन् गोश्त हा गो म्हंजे गायीवरनंच आला."

इथं सलीमभाई चहाचा कप ठेवून उठले. "नक्को वकीलसाब. फारसी लफ्ज है. गोश्त म्हंजे मांस, कुणाचंबी. बकरे का गोश्त, मुर्गी का गोश्त. गाय का काय संबंध?" वर त्यांनी सांगितलं की फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे कुठलाही पक्षी, आपण त्याचा कोंबडा केला, आणि खिमा तर तुर्की. मास्तरांनी लगेच संस्कृत आणलं: ‘मृग’ म्हणजे आधी कुठलंही जनावर, हरीण नंतर, म्हणून तर माकडाला शाखामृग म्हणतात. इंग्रजी ‘मीट’ हेही मुळात नुसतं अन्न, मांस मागाहून. मला हा भाग फार आवडला, पण वकील ऐकत नव्हता. तो ‘गो’वरच अडून बसलेला.

शेवटी सलीमभाईंनी नान खलियाचा, म्हणजे नानसोबतच्या मटणाच्या रश्श्याचा, विषय काढला. नान फारसी, खलिया अरबी. तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली, तेव्हा लष्करासाठी हा पदार्थ झाला.

"याला पुरावा?" वकिलानं साधलं. "लॉर्डच्या जुगाराला मागितला व्हता ना!"

"वो अंग्रेजों का लॉर्ड था," सलीमभाई म्हणाले. "ये घर का मामला है."